डुकराचं नाक

माझी बायको मल्सुक आणि माझ्या मुलीची सासू ह्वाजाबाई एकमेकींशी इतक्या अदबीनं बोलतात की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. मुलीच्या लग्नाला चार वर्षं झाली. या चार वर्षांत दोघींनी एकमेकींना एकही वाकडा शब्द उच्चारलेला नाही. फोन ठेवल्यावर मात्र दोन्ही घरांत भांडी आपटतात. बुसानमधली, म्हणजे आमच्या घरातली, मी स्वतः ऐकतो. देगूमध्ये ह्वाजाबाईंकडे काय आपटतं ते जावई जेग्यू सुटीत तिथं गेला की सांगतो. त्यांच्याकडची भांडी आमच्यापेक्षा महाग आहेत, त्यामुळे त्यांचा राग जास्त खरा मानावा लागतो.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमची बोराम जपानात, फुकुओकाला, बाळंत झाली. मुलगा झाला. ही बातमी दोन्ही आज्यांना एकाच क्षणी कळावी म्हणून जेग्यूनं दोन हातांत दोन फोन धरून दोन्ही अंगठे एकदम दाबले होते. तरीही ह्वाजाबाईंना ती आधी कळली, असं मल्सुकचं म्हणणं आहे. तिनं त्यांना अभिनंदनाचा फोन केला तेव्हा त्या आधीच रडून झाल्या होत्या.

आता प्रश्न होता एकवीस दिवसांचा. सात-सात दिवसांचे तीन आठवडे बाळंतिणीजवळ बाईमाणूस हवं, आणि जी राहील तीच त्या नातवाची खरी आजी. दुसरी नुसती नात्यानं. हे कुठं लिहिलेलं नाही, पण दोघींना पाठ होतं. फुकुओकाच्या घरात खोल्या दोन. एकीत नवराबायको आणि बाळ. दुसरीत कपाट, सायकल आणि एक माणूस कुशीवर झोपेल इतकी जमीन. उताणं झोपायचं तर सायकल बाहेर काढावी लागे.

पाचव्या दिवशी बोराम दवाखान्यातून घरी गेली आणि तिचा फोन आला. मल्सुकनं तो स्पीकरवर टाकला.

"आई, इथं मला बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी गार दूध दिलं."

मल्सुक खाली बसली.

"आणि कोशिंबीर."

"अगं, जिवंत आहेस ना?"

"आहे. पण घरात जमीन लाकडाची आहे, खालून काही नाही. आपल्यासारखे गरम पाण्याचे नळ नाहीत जमिनीखाली. पाठीत वारा शिरलाय, हाडं वाजतात."

बाळंतिणीच्या हाडांत एकदा वारा शिरला की म्हातारपणापर्यंत निघत नाही. माझ्या आजीच्या गुडघ्यात एकोणीसशे एकावन्न सालचा वारा होता. पाहुणे आले की ती तो दाखवायची.

"मी येते," मल्सुक म्हणाली.

"सासूबाईही येते म्हणाल्या."

"त्यांना कशाला उगीच त्रास?"

"त्याही अगदी असंच म्हणाल्या. आई, ऐक. दोघी या, सगळं घेऊन या. पण राहायला जागा एकीलाच आहे. जिची विजेची चटई इथं गरम होईल ती राहील. मला दुसरं काही नको. जेवण नको, सल्ला नको, भांडणं तर मुळीच नकोत. मला पाठ गरम हवीय."

हेच शब्द तिनं सासूलाही कळवले होते. समान न्याय करण्याची बुद्धी तिच्यात माझ्याकडून आली असावी. बोलण्याचं धाडस माझ्याकडून आलेलं नाही.

विजेची चटई आमच्याकडे होतीच. चांगली जाड, वर फुलं, कडेला गोल बटण, एक ते सात. सातवर ठेवली तर अंडं उकडेल असं मल्सुक म्हणते. तिनं एकदा ठेवलंही होतं. प्रश्न फक्त प्लगचा होता. आपला प्लग दोन गोल दांड्यांचा, जपानची भिंत दोन चपट्या फटींची. त्यासाठी आपल्याकडे जो जोड मिळतो त्याला सगळे डुकराचं नाक म्हणतात, कारण तो पुढून अगदी तसा दिसतो. प्रत्येक घरात एका खणात तीन-चार नाकं पडलेली असतात आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी एकही सापडत नाही. म्हणून आम्ही दुकानात गेलो.

इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी अठ्ठावीस वर्षं तांत्रिक शाळेत वीज शिकवली. हे घरात सर्वांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच विजेबद्दल मला कोणी काही विचारत नाही.

"जपान?" दुकानदारानं विचारलं. त्यानं मान वर केली नाही. "नाक घ्या."

"विजेच्या चटईसाठी हवंय," मी म्हणालो.

"नाक घ्या."

"चटई दोनशेवीस व्होल्टची आहे. तिथं शंभरच येतात."

"मग? नाक लावा की."

"नाक लावून शंभरचे दोनशेवीस होत नाहीत."

दुकानदारानं आता मान वर केली आणि मल्सुककडे पाहिलं. लहान मूल काचेला हात लावत असलं की आईकडे पाहतात, तसं.

"अहो," मल्सुक म्हणाली, "त्यांना धंदा करू द्या. तुमची शाळा संपली." आणि तिनं सहा नाकं घेतली. चटई एक होती. पण तिचं म्हणणं, परमुलुखात नाक कमी पडायला नको.

घरच्या जिन्यात मी पुन्हा प्रयत्न केला.

"हे बघ, हा जोड फक्त तोंड बदलतो. पोटात जे जायचं ते तेवढंच जातं. शंभरावर ती चटई पाचव्या हिश्श्याइतकी तापेल. गणित आहे ते."

"ओसाकाला गेलो तेव्हा नाक लावून फोन चार्ज झाला की नाही?"

"फोनचा चार्जर दोन्हीवर चालतो. त्याच्यावर लिहिलेलं असतं."

"केस वाळवायचं यंत्र चाललं की नाही?"

"चाललं? तुझे केस दुपारपर्यंत ओले होते."

"जपानची हवाच दमट. आणि तुम्हीच सांगितलं होतं ना, की शंभरचं यंत्र दोनशेवीसवर लावलं की जळतं? आईचा मिक्सर जळला तेव्हा दोन तास सांगत होतात. हे तर उलट आहे. मोठं यंत्र, लहान वीज. जळायचं काय त्यात?"

"जळणार नाही. तापणारही नाही."

"जळत नाही ना? झालं तर मग."

तळघरातून मी जुना ट्रान्सफॉर्मर काढून आणला. आमच्या भागात वीज एकशेदहाची दोनशेवीस झाली तेव्हा प्रत्येक घरात एक असायचा. मागच्या पिढीनं त्यावर विजेवरचे जपानी भाताचे कुकर चालवले. आमचा दोन्ही बाजूंनी चालणारा, शंभरचे दोनशेवीस करणारा, लोखंडी, नऊ किलो. मी तो पुसला, तपासला आणि बॅगेत ठेवला. विमानात माणशी पंधरा किलोची परवानगी होती.

मल्सुकनं बॅग काट्यावर ठेवली, उघडली, ट्रान्सफॉर्मर उचलून माझ्या पायाशी ठेवला आणि त्या जागी आंबवलेल्या कोबीच्या किमचीचा डबा बसवला.

"मल्सुक, तो राहू दे. किमची तिथंही मिळते."

"तिथली किमची गोड असते. मी पोरीला गोड किमची देऊ?"

"पोरीनं किमची मागितलेली नाही. चटई गरम मागितलीय."

"चटई मी नेतेय. तुम्ही लोखंड नेताय. बाप आहात की भंगारवाला?"

"मी हातात धरून नेतो."

"न्या. विमानतळावर विचारतील हे काय आहे, तर सांगा माझी अक्कल आहे, घरी ठेवली तर कोणी वापरत नाही."

मी वाद सोडला. शाळेत घंटा वाजली की वाद सोडायची सवय लागते. पुढं आयुष्यभर माणूस घंटा नसली तरी सोडत राहतो.

दुसऱ्या दिवशी मल्सुक सार्वजनिक न्हाणीघरात अंग घासून घ्यायला गेली होती, तेव्हा फोन वाजला. ह्वाजाबाई. चार वर्षांत त्यांनी मला स्वतःहून कधी फोन केला नव्हता.

"व्याहीबुवा, तब्येत बरी ना? गुडघा कसा आहे? नातू झाल्याबद्दल पुन्हा एकदा अभिनंदन. तुमच्यासारख्या विद्वानाचं रक्त त्याच्यात आहे, हे आमचं भाग्य."

मी उभा राहिलो. बसून ऐकण्यासारखं ते नव्हतं.

"एक क्षुल्लक शंका होती. विजेची. घरात पुरुषमाणूस राहिलं नाही, जेग्यूला विचारावं तर त्याला बल्बसुद्धा बदलता येत नाही. म्हटलं, आपल्याच नात्यात एवढे जाणकार असताना बाहेर कशाला विचारा?"

त्यांनी एक सर्वदेशीय जोड विकत घेतला होता, चांगला पेटीत बसवलेला, बटणं ओढली की वेगवेगळे दात बाहेर येणारा. पेटीवरचं त्यांनी वाचून दाखवलं. "दीडशे देशांत चालतो, असं आहे."

"चालेल," मी म्हणालो.

"मग माझी चटई चालेल."

इथं मला गप्प बसता आलं असतं. "हो" एवढंच म्हणायचं होतं. मग दोन आज्या, दोन थंड चटया, बरोबरी झाली असती. आणि मधे माझी पोर हाडं वाजवत पडली असती. तिची पाठ माझ्या डोळ्यांपुढं आली. पण खरं सांगायचं तर ती नंतर आली. आधी मनात आलं ते एवढंच की कोणीतरी मला विचारलं.

"जोड चालेल," मी म्हणालो, "चटई चालणार नाही."

पलीकडं कागदाचा आवाज. "थांबा व्याहीबुवा, लिहून घेते."

लिहून घेते! अठ्ठावीस वर्षांत मागच्या बाकावरच्यांनी माझ्या तासाला जहाजं केली, विमानं केली, एकानं माझ्या डोळ्यांदेखत वहीच्या पानाचं बदक केलं. लिहून कोणी घेतलं नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं. व्होल्ट म्हणजे काय, नाक काय करतं आणि काय करत नाही, चढता ट्रान्सफॉर्मर कसा मागायचा, चटईला पाचशे वॅटचा भरपूर झाला, वजन पाच किलो, आणि त्याच्यावर दुसरं काहीही लावायचं नाही, विशेषतः भाताचा कुकर. हेही सांगितलं की सगळ्यात सोपं म्हणजे तिथंच दुकानात शंभर व्होल्टची चटई घ्यावी.

"जपान्यांची?" त्या म्हणाल्या. "त्यांना गरम म्हणजे काय ते ठाऊक आहे का? ती कोमट गोष्ट आहे, व्याहीबुवा, लाज राखण्यापुरती." मग थोडं थांबून, "विहीणबाईंनीही हेच विचारलं असेल ना तुम्हाला?"

"नाही."

"नाहीच विचारणार. त्यांना सगळंच येतं." फोन ठेवताना त्या हसल्या. ते हसू मी आठवडाभर कानातून काढत होतो.

मल्सुक न्हाणीघरातून लालबुंद होऊन आली. "कोणाचा फोन होता?" तिनं विचारलं.

"चुकून लागला होता," मी म्हणालो.

बुधवारी सकाळी आम्ही विमानानं फुकुओकाला उतरलो. ह्वाजाबाई जहाजानं आल्या, कारण जहाजात वजनाला तितकं कोणी विचारत नाही. इमारतीच्या दारात आमची गाठ पडली. त्या दोघी एकमेकींसमोर एवढ्या खाली वाकल्या की मागून येणाऱ्या पोस्टमनला वळसा घालून जावं लागलं.

"विहीणबाई, प्रवासात दमलात असाल. तुमच्या वयाला..."

"आपलं वय एकच आहे, विहीणबाई."

"हो का? मला नेहमी तुम्ही वडीलधाऱ्याच वाटता."

ह्वाजाबाईंच्या मागं, त्यांना बंदरावरून घेऊन आलेला, जेग्यू होता. त्याच्या हातात दोरानं बांधलेलं एक खोकं होतं आणि त्याचा चेहरा निळा पडला होता. तीन मजले चढून त्यानं ते खोकं उंबऱ्यात ठेवलं आणि स्वतः त्याच्याशेजारी बसला. त्यानंतर दोन दिवस तो सरळ उभा राहिलेला मी पाहिला नाही. खोक्यावर तीन हजार वॅट असं लिहिलं होतं. मी पाचशे सांगितलं होतं. ह्वाजाबाईंना सहापट कळलं होतं.

बोराम आतल्या खोलीत तीन पांघरुणांखाली होती. बाळ तिच्या कुशीत. तिचा चेहरा मेणासारखा झाला होता. आम्ही बाळ पाहिलं, दोन्ही आज्यांनी ते आपापल्या घराण्यावर गेल्याचं एकाच वेळी जाहीर केलं, आणि मग दोघींनी सामान उघडलं. दोघींनी समुद्रभाजी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, आणली होती, बाळंतिणीच्या सुपासाठी.

"ही गिजांगची," मल्सुक म्हणाली. "आमच्या दारातली."

"वा. गिजांगची जरा कडक असते, नाही? बाळंतिणीच्या पोटाला ही वांदोची आणलीय मी, मऊ."

"मऊ म्हणजे चव नसणारी, ना?"

"आई," पांघरुणाखालून बोराम म्हणाली, "चटई."

मल्सुकचा मान पहिला, मुलीची आई म्हणून. तिनं चटई अंथरली, वर फुलं आली. प्लगला नाक लावलं, नाक भिंतीत खुपसलं. लाल दिवा लागला.

"लागला!" मल्सुक ओरडली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी उभ्या जन्मात शिकवलेलं सगळं खोटं ठरलं. तिनं बटण थेट सातवर नेलं. बोराम चटईवर आडवी झाली. आम्ही वाट पाहत बसलो. खोलीतला एसी गरम हवा फेकत होता. ती सगळी छतापाशी जमून राहत होती, खाली जमिनीवर बर्फ.

अर्धा तास झाला. मल्सुकनं हात लावून पाहिला. ह्वाजाबाईंनीही पाहिला, दोन बोटांनी, बाजारात मासा पाहतात तसा. चटई गरम नव्हती असं नाही. बसच्या आसनावरून कोणीतरी नुकतंच उठून गेलं की ते जितकं गरम असतं, तितकी होती.

"जपानची वीज हळू चढते," मल्सुक म्हणाली.

"वेळ द्यावा," ह्वाजाबाई म्हणाल्या. "माझी काही घाई नाही. मी एकवीस दिवसांचं सामान आणलंय."

आणखी वीस मिनिटं गेली.

"आई," बोराम म्हणाली, "ही चटई माझ्या अंगानं गरम होतेय."

मल्सुक भिंतीतलं नाक काढून, पुसून, पुन्हा घालत राहिली. तिसऱ्यांदा तिनं ते फुंकर मारून घातलं, आणि त्या क्षणी मला वाटलं की मी तो नऊ किलोचा ट्रान्सफॉर्मर दातांत धरून आणायला हवा होता.

"आता माझी अंथरू का?" ह्वाजाबाईंनी विचारलं. "नुसती बघायला."

खोक्यातून ट्रान्सफॉर्मर निघाला. तांदळाच्या पोत्याएवढा. त्यांनी हातातल्या कागदावर पाहून प्लग लावले, एकदाही चूक केली नाही. ट्रान्सफॉर्मर घुमू लागला. दहा मिनिटांत बोरामचे खांदे खाली आले. पंधराव्या मिनिटाला तिच्या तोंडून एक आवाज निघाला, लहानपणी आंघोळीच्या टबात बसवल्यावर निघायचा तसला. ती झोपलीच. आईसमोर, सासूच्या चटईवर, तोंड उघडं टाकून.

ह्वाजाबाई कुजबुजल्या, "आम्हाला कुठलं एवढं कळायला. एका जाणकाराला विचारलं होतं."

"कोणाला हो?" मल्सुकही कुजबुजली.

"आता काय सांगू, विहीणबाई. तुमच्याच घरात एवढा विद्वान माणूस बसलेला." आणि त्या माझ्याकडे वळून अगदी कमरेपर्यंत वाकल्या.

मल्सुकनं मला कोपराला धरून स्वयंपाकघरात नेलं. ते स्वयंपाकघर म्हणजे एक ओटा आणि दोन पावलं. तिथं ती कुजबुजतच ओरडली. हे फक्त तिलाच जमतं.

"तुम्ही हिला सांगितलंत?"

"मी तुलाही सांगितलं होतं. चार वेळा."

"मला सांगितलंत ते वेगळं. मला तुम्ही रोजच काही ना काही सांगता. हिला सांगितलंत म्हणजे सांगितलंत!"

"तिनं विचारलं."

"आणि मी विचारलं असतं तर? मी काय परकी होते? एवढं खरं होतं तर माझ्यावर ओरडायचं होतं, बॅग फेकायची होती! तुम्ही काय केलंत? भंगार उचलून तळघरात ठेवून आलात. माझ्यासमोर खरं बोलताना तुम्हाला जोर येत नाही, फोनवर परक्या बाईसमोर येतो!"

मी ओट्यावरचं फडकं घडी करून ठेवलं. मग उलगडून पुन्हा घडी केली.

बाहेर आलो तर ह्वाजाबाई जिंकल्यासारख्या वागू लागल्या होत्या. त्यांनी सायकल जिन्यात नेऊन ठेवली होती आणि आपला दहा माणसांचा दाबाचा कुकर बाहेर काढून तो ट्रान्सफॉर्मरला लावायला घेतला होता.

"विहीणबाई, तो लावू नका," मी म्हणालो. "फोनवर सांगितलं होतं. एसी चालू आहे, चटई चालू आहे. या घराचा मेन वीस अँपिअरचा आहे, एवढं पेलणार नाही."

"तीन हजारचा आणलाय मी."

"तो तीन हजारचा आहे. घर दोन हजारचं आहे."

"व्याहीबुवा," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही खूप केलंत. आता बसा."

विचारून झालं की मी पुन्हा नवरा-जातीत जमा. कुकरनं वाफ धरायच्या आतच मेन स्विच पडला. एसी थांबला, ट्रान्सफॉर्मर घुमायचा थांबला, आणि त्या शांततेनं बाळ जागं झालं आणि किंचाळू लागलं.

मी न्हाणीच्या दारावरचा खटका वर केला. "कुकर काढा," मी म्हणालो.

"भात अर्धा शिजलाय," ह्वाजाबाई म्हणाल्या. "विहीणबाईंची चटई अजून भिंतीत आहे, ती काढा. उगीच वीज खातेय."

"माझी चटई माझ्या लेकीच्या घरात आहे," मल्सुक म्हणाली. "ती कोणाच्या पोटावर पाय देत नाही. विहीणबाईंच्या यंत्रानं मात्र अख्खं जपान बंद पाडलं."

"तापत नाही ती चटई कशाला लावून ठेवायची, विहीणबाई?"

"शोभेला, विहीणबाई."

मेन पुन्हा पडला. मी पुन्हा वर केला. जेग्यूनं हळूच एसी बंद करायला हात लांबवला, तर दोन्ही आज्या एकदम ओरडल्या, "बाळाला थंडी लागेल!" त्यानं हात मागं घेतला आणि पुन्हा कमरेला लावला. कोणी काही काढेना. मल्सुक आपल्या नाकावर हात ठेवून बसली, ह्वाजाबाई कुकरच्या झाकणावर. तिसऱ्यांदा मेन पडला.

तेव्हा बोराम उठली. पांघरुणं बाजूला टाकून ती लाकडी जमिनीवर उभी राहिली.

"अनवाणी!" मल्सुक किंचाळली.

"बाळंतीण अनवाणी!" ह्वाजाबाई किंचाळल्या. चार वर्षांत एकाच गोष्टीवर ओरडण्याची ही त्यांची दुसरी वेळ, आणि दोन्ही त्याच दिवशी.

बोरामनं आईचं नाक उपटलं. सासूचा कुकर उपटला. मग दोघींकडे पाहिलं. माझी मुलगी लहानपणी शांत होती. शांत मुलांचं असंच असतं, साठवतात.

"उद्या सकाळी दोघी परत जा."

"बोराम," ह्वाजाबाईंचा आवाज अजून अदबीचाच होता, "तूच म्हणालीस, जिची चटई गरम होईल ती राहील. माझी झाली."

"झाली ना. चटई राहील, सासूबाई. तुम्ही जा."

"आणि मी?" मल्सुक म्हणाली. "मी तुला जन्म दिला."

"दिलास. म्हणून तुला तिकीट जेग्यू काढून देईल."

"मग बाळंतपण कोण करणार? भिंत?"

"बाबा राहतील."

मी मागं वळून पाहिलं. खोलीत दुसरा कोणी बाबा नव्हता. जेग्यूही बाबा झाला होता, पण ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

"मी?" मी म्हणालो. "मला सूप करता येत नाही."

"शिका. कुठलं कधी बंद करायचं ते तुम्हाला कळतं. आणि तुमचं कोणी ऐकत नाही, म्हणून तुम्ही बोलायचं सोडलंय. मला घरात असं माणूस हवंय."

हे कौतुक होतं की नाही हे मी तिला विचारलं नाही.

त्यावर जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडणाला दोन बाजू लागतात. दोन्ही बायका एकाच बाजूला होत्या आणि दुसऱ्या बाजूला मी, म्हणजे कोणीच नाही. पुरुषानं बाळंतिणीचं करायचं! लेकीची उष्टी वाटी बापानं उचलायची! गावात काय तोंड दाखवायचं! ह्वाजाबाई म्हणाल्या की माझ्यात सुरुवातीपासूनच काहीतरी खोट दिसली होती, पण लग्नाच्या वेळी बोलल्या नाहीत. मल्सुक म्हणाली की त्या तिच्या लग्नाआधी भेटून बोलल्या असत्या तर तिचेही तीस वर्षांचे कष्ट वाचले असते. गुरुवारी सकाळी दोघी एकाच टॅक्सीत बसल्या. मल्सुकनं विमानाचं तिकीट सोडून दिलं. तिला ह्वाजाबाईंबरोबर जहाजानं जायचं होतं, कारण अजून माझ्याबद्दल बोलायचं शिल्लक होतं. निघताना तिनं मला सुपाची कृती सांगितली. ह्वाजाबाईंनीही सांगितली. दोन्हींत पाणी आणि समुद्रभाजी सोडून काहीच सारखं नव्हतं.

आज माझा इथला अकरावा दिवस आहे. भात शिजायला लावताना मी चटई बंद करतो, भात झाला की चालू करतो, आणि बोराम मधल्या वेळात माझ्याकडे असं पाहते की तांदळानंही घाई करावी. जेग्यू कामावर जातो. सायकल पुन्हा खोलीत आहे. मी कुशीवर झोपतो. बुसान आणि देगूहून रोज एकेक फोन येतो, दोघीही मला काही विचारत नाहीत, बाळाला द्या म्हणतात, आणि बाळ झोपलेलं असलं तर फोन ठेवतात.

आज दुपारी मी बोरामला सूप दिलं. तिनं एक चमचा घेतला आणि वाटीत पाहत राहिली.

"बाबा, हे समुद्राचंच पाणी आहे का?"

"खारट झालंय?"

"तुम्ही चाखलं नाही?"

"चाखलं. मला वाटलं, असंच असतं." मी फोन उचलला. "आईला विचारतो, काय घालायचं."

"नको."

"मग सासूबाईंना?"

"बाबा." तिनं वाटी माझ्यापुढं सरकवली. "पाणी घाला."